सिंधुदुर्ग धर्मप्रांत : जडणघडण, कारभार आणि सामुदायिक जीवन

सिंधुदुर्ग धर्मप्रांत हा दक्षिण महाराष्ट्रातील कॅथोलिक चर्चचा धर्मप्रांत आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन करून त्याची स्थापना केली. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्यात येतात. बिशपांचे आसन सावंतवाडी येथे असून तेथील मिलाग्रिस माउलीचे चर्च हे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. पहिले बिशप म्हणून ॲल्विन बरेटो यांची नियुक्ती झाली.

तिन्ही जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ २१ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार, रत्नागिरीची १६ लाख १५ हजार आणि कोल्हापूरची ३८ लाख ७६ हजार होती. या ६३ लाखांच्या वस्तीत कॅथोलिक समाज अगदी थोडा आहे, आणि तोही विखुरलेला. किनाऱ्यावर आणि गोव्याच्या सीमेलगत त्याची जुनी गावे आहेत. घाटावर मात्र तो प्रामुख्याने शहरांतून आढळतो. लोक थोडे आणि मुलूख मोठा, ही या धर्मप्रांताची मूळ स्थिती आहे. त्याच्या कारभाराची आणि सामुदायिक जीवनाची घडण या स्थितीतूनच झाली.

या रचनेत कणकवली तालुक्याचे स्थान लक्षणीय आहे. उत्तरेला खारेपाटण ओलांडले की रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुका लागतो. पूर्वेला फोंडाघाट चढला की कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी. दक्षिणेला महामार्गाने सुमारे ५० किलोमीटरवर सावंतवाडी. धर्मप्रांताचे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात तो हा भाग आहे. मुंबई-गोवा महामार्ग कणकवलीतून जातो आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचे स्थानकही येथे आहे. त्यामुळे तिन्ही जिल्ह्यांतील लोकांना एकत्र यायचे झाले, तर कणकवली सर्वांना सोयीची पडते.

पूर्वपीठिका

धर्मप्रांत नवा असला तरी या भूमीचा बिशपपदाशी आलेला संबंध सतराव्या शतकापासूनचा आहे. त्या काळी आशियातील चर्चचा कारभार ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेनुसार पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली चालत असे. बिशप सुचवण्याचा अधिकार राजाकडे होता आणि चर्चच्या खर्चाची जबाबदारीही त्याच्यावर होती. पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या मुलखांत धर्मकार्याची वेगळी सोय व्हावी म्हणून रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ हे खाते स्थापन केले. या दोन व्यवस्थांमध्ये पुढे तीनशे वर्षे ओढाताण चालू राहिली आणि तिची झळ कोकणपट्टीला बसली.

या ओढाताणीच्या आरंभीच मातेउश दे कास्त्रो यांचे नाव येते. दिवाड बेटावरील नावेली गावच्या महाले घराण्यात जन्मलेले हे गोमंतकीय रोमला गेले, तिथे शिकले आणि धर्मगुरू झाले. १६३७ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी धर्माधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला नाही. त्यामुळे त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही अंमलातील डिचोलीत ठाणे केले. डिचोली, बांदा आणि वेंगुर्ले येथील आरंभीच्या चर्च-उभारणीचे श्रेय त्यांना दिले जाते. १६७७ मध्ये रोम येथे त्यांचे निधन झाले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा-वेंगुर्ले पट्टा देशी बिशपांच्या अधिकाराखाली साडेतीन शतकांपूर्वी येऊन गेला होता, ही गोष्ट या धर्मप्रांताच्या इतिहासात मानाने नोंदवण्याजोगी आहे.

पुढच्या काळात गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे उत्तरेकडे सावंतवाडीच्या मुलखात आणि दक्षिणेकडे कानडा प्रांतात स्थलांतरित झाली. लढायांची धामधूम, करांचा बोजा, रोगांच्या साथी आणि १५६० ते १८१२ या काळात गोव्यात चाललेले इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय ही या स्थलांतराची मुख्य कारणे होती. या कुटुंबांनी आपली भाषा, भक्ती आणि गावपण सोबत आणले. सावंत-भोसल्यांच्या राज्यात ती शेती, मासेमारी आणि कारागिरी करीत स्थिरावली. त्यांचे धर्मगुरू गोव्याहून येत, आणि फेस्त (सण), लादीन (लितानीची प्रार्थना), खुरीस (क्रूस) हे शब्दही त्याच वाटेने आले.

१८८६ हे वर्ष भारतीय कॅथोलिक चर्चच्या रचनेत निर्णायक ठरले. त्या वर्षी जूनमध्ये पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, आणि १ सप्टेंबरला भारतातील धर्मप्रांतांची नियमित रचना जाहीर झाली. पुणे धर्मप्रांत याच वेळी स्थापन झाला. सावंतवाडी परिसर मात्र गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिला. स्वातंत्र्यानंतर, १८ जुलै १९५० च्या करारान्वये, पोर्तुगालने आपल्या सत्तेबाहेरच्या भारतातील पाद्रोआदोचे हक्क सोडले. त्यानंतर झालेल्या फेरमांडणीतून ही कोकणपट्टी पुणे धर्मप्रांतात आली.

पुण्याहून सावंतवाडीचा कारभार पाहणे सोपे नव्हते. मधे सह्याद्री होता आणि पावसाळ्यात घाटांचा भरवसा नसे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि नागरी प्रशासन लोकांच्या जवळ आले. चर्चच्या बाबतीत तसेच पाऊल २००५ मध्ये पडले. बिशप व्हॅलेरियन डिसूझा पुण्याच्या आसनावर असताना हे विभाजन झाले. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये गोवा आणि दमण हा स्वतंत्र चर्चप्रांत करण्यात आला आणि सिंधुदुर्ग हा त्याचा एकमेव उपधर्मप्रांत ठरला. भाषा, नातेसंबंध आणि चालीरीती यांनी पूर्वीपासून गोव्याशी जोडलेल्या या समाजाचे ते नाते कारभारातही पुन्हा जुळले, फक्त या वेळी स्वतःचे बिशप आणि स्वतःचा धर्मप्रांत राखून.

धर्मप्रांताचा कारभार

कॅथोलिक चर्चचा कारभार १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार चालतो. तिच्यानुसार धर्मप्रांतातील नियम करण्याचा, अंमलबजावणीचा आणि न्यायदानाचा अधिकार बिशपांच्या ठायी एकवटलेला असतो. नियुक्ती पोप करतात. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की बिशपांनी राजीनामा सादर करावा, असे संहिता सांगते. दर पाच वर्षांनी धर्मप्रांताच्या स्थितीचा अहवाल रोमला पाठवावा लागतो आणि किमान पाच वर्षांत एकदा सबंध धर्मप्रांताची भेट पूर्ण करावी लागते. तीन जिल्ह्यांत आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या धर्मप्रांतात या भेटीला विशेष अर्थ आहे. बिशप येतात तेव्हा दृढीकरण संस्कार होतो, धर्मग्रामाची दप्तरे तपासली जातात, आजाऱ्यांना भेटी दिल्या जातात आणि लोकांचे म्हणणे थेट ऐकले जाते.

हा अधिकार एकवटलेला असला तरी एकाकी नाही. बिशपांच्या जोडीला व्हिकर जनरल नेमावेच लागतात. दप्तर आणि अभिलेख सांभाळण्यासाठी चॅन्सेलर असतात. पैशाचा व्यवहार पाहण्यासाठी स्वतंत्र अर्थाधिकारी असतात आणि त्यांची मुदत पाच वर्षांची असते. अर्थसमिती प्रत्येक धर्मप्रांतात बंधनकारक आहे. हिशेब आणि दिवाणी कायदा जाणणाऱ्या किमान तीन सदस्यांची ही समिती वर्षाचे अंदाजपत्रक तयार करते आणि वर्षअखेरीस जमाखर्च तपासते. ठरावीक मर्यादेपुढची मालमत्ता विकायची असेल, तर बिशपांना अर्थसमितीची आणि सल्लागार मंडळाची संमती घ्यावी लागते. तिथे नुसता सल्ला पुरत नाही.

धर्मगुरूंची सभा ही दुसरी महत्त्वाची संस्था. तिच्या सदस्यांपैकी सुमारे निम्मे धर्मगुरूंनी स्वतः निवडून दिलेले असतात. याच सभेतून बिशप सहा ते बारा जणांचे सल्लागार मंडळ पाच वर्षांसाठी नेमतात. बिशपांचे आसन रिकामे झाले आणि रोमने दुसरी सोय केलेली नसली, तर या मंडळाने आठ दिवसांच्या आत प्रशासक निवडायचा असतो. कारभार एक दिवसही निर्नायकी राहू नये, याची काळजी नियमातच घेतलेली आहे.

तिसरी संस्था म्हणजे पालकीय परिषद. हिच्यात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि मोठ्या संख्येने प्रापंचिक स्त्री-पुरुष असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या बिशपांच्या सेवेविषयीच्या आदेशात अशा परिषदेची शिफारस केली. तोवर सामान्य भाविक चर्चच्या कारभारापासून बहुतांशी दूर होता. त्या शिफारशीने त्याला बैठकीत जागा मिळाली. परिषदेचे मत सल्लागार स्वरूपाचे असते, तरी जाणते बिशप ते डावलत नाहीत. लहान धर्मप्रांतात तर या परिषदेचे मोल आणखी वाढते. इथे सदस्य आपल्या गावच्या अडचणी घेऊन येतो आणि निर्णय घेऊन गावात परततो.

धर्मग्रामाची पातळी

धर्मप्रांत अनेक धर्मग्रामांत म्हणजे पॅरिशांत विभागलेला असतो आणि जवळजवळच्या धर्मग्रामांचे मिळून विभाग केलेले असतात. धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू कायदेशीर व्यवहारांत त्याचे प्रतिनिधित्व करतात. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. या नोंदवह्यांची किंमत केवळ धार्मिक नाही. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांना आपला वंश, जन्मतारीख किंवा लग्नाचा पुरावा कित्येकदा गावच्या चर्चच्या वहीतच सापडतो.

प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे सक्तीचे आहे. पालकीय समिती बिशपांच्या निर्णयाने स्थापन होते. जुन्या गोमंतकीय परंपरेतील चर्चमध्ये या समित्यांच्याही आधी दोन संस्था होत्या. पहिली फाब्रिक, म्हणजे चर्चची इमारत, जमीन आणि उत्पन्न पाहणारी व्यवस्था. दुसरी कॉन्फ्रारिया, म्हणजे एखाद्या संताच्या किंवा माउलीच्या नावाने बांधलेला भाविकांचा संघ. वर्गणी गोळा करणे, सणाचा खर्च उचलणे, मृत सदस्याच्या अंत्यविधीला हजर राहणे आणि त्याच्यासाठी मिस्सा म्हणजे ख्रिस्तयाग करवणे ही कॉन्फ्रारियाची कामे. प्रापंचिक माणूस हिशेबाची वही, सभेचे इतिवृत्त आणि पदाधिकाऱ्यांची निवड या संघांतच शिकला. आजच्या समित्यांची पाळेमुळे त्या शिस्तीत आहेत.

अलीकडच्या दशकांत लहान ख्रिस्ती समुदाय ही रचना पुढे आली. आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाने १९९० मध्ये बांडुंग येथील अधिवेशनात सर्वांच्या सहभागाने चालणाऱ्या चर्चचा आग्रह धरला, आणि त्यानंतर भारतात या समुदायांना चालना मिळाली. वाडीतील किंवा मोहल्ल्यातील काही कुटुंबे पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमतात, बायबलचे वाचन करतात आणि शेजारच्या गरजा समजून घेतात. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचे मूल शाळेतून गळले आहे, कोणती वृद्ध व्यक्ती एकटी राहते, ही माहिती इथूनच धर्मगुरूंपर्यंत पोचते. जिथे चर्च दहा-पंधरा मैलांवर आहे, तिथे वाडीतला हा समुदाय हेच चर्च असते.

सण, फेस्त आणि सामुदायिक मेळ

धर्मग्रामाच्या वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे आश्रयदात्या संताचे फेस्त. आधी नऊ दिवस नोव्हेना चालते. रोजच्या प्रार्थनेची जबाबदारी वेगवेगळ्या वाड्या, संघ किंवा कुटुंबे वाटून घेतात. आदल्या संध्याकाळी वेस्पर, मुख्य दिवशी सणाची मिस्सा आणि मिरवणूक होते. बाहेरचे प्रवचनकार बोलावणे, गायकवृंदाची तयारी, मंडप, वीज, ध्वनिक्षेपकाची परवानगी, पाहुण्यांचे जेवण, वाहनांची सोय ही सारी कामे समित्यांत वाटली जातात. फेस्त पार पडले की जमाखर्च मांडला जातो आणि मिस्सेनंतर लोकांसमोर वाचला जातो. ज्याला कधी कोणी सभेत बोलताना पाहिले नाही, तो तरुण इथे खजिनदार होतो आणि पुढे धर्मप्रांताच्या परिषदेत जाऊन बसतो. कारभाराचे पहिले शिक्षण फेस्तात मिळते.

खुरसाजवळची लादीन हा या किनाऱ्याचा खास ठेवा आहे. रस्त्याच्या कडेला, वाडीच्या तोंडाशी किंवा घराच्या अंगणात उभारलेल्या खुरसापाशी वर्षातून एकदा वाडी जमते, माउलीची लितानी गायली जाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. वाडीतील हिंदू शेजारी मेणबत्ती लावायला येतात आणि ख्रिस्ती घरचा माणूस गणपतीला त्यांच्याकडे जातो. हा शेजारधर्म कोणत्याही परिषदेच्या ठरावाने आलेला नाही, आणि म्हणूनच तो जपणे हे धर्मप्रांताचे मोठे कर्तव्य ठरते.

वर्षाचे चक्र पुढे चालते. ८ सप्टेंबरला माउलीचा जन्मदिन म्हणजे मोंती. आधीचे नऊ दिवस मुले फुले घेऊन येतात, आणि भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद देण्याची चाल कोकण किनाऱ्यावर याच सुमारास पाळली जाते. १५ ऑगस्टला माउलीचे स्वर्गारोहण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येतात, त्यामुळे मिस्सा आणि ध्वजवंदन लागोपाठ होतात. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ सारे गाव कबरस्थानात जमते. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला अनेक जण जुन्या गोव्याची वाट धरतात. दर दहा वर्षांनी होणाऱ्या त्यांच्या अवशेषांच्या दर्शनाचा अलीकडचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. नाताळात आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, घरे उघडतात आणि लग्ने, स्नानसंस्कार, खुरसाच्या लादिनी याच दिवसांत धरल्या जातात. कित्येक धर्मग्रामांच्या महत्त्वाच्या बैठकाही लोक हजर असताना, याच काळात घेणे सोयीचे पडते.

शाळा आणि नागरी उत्तरदायित्व

शिक्षण हे या समाजाने सर्व जिल्ह्याला दिलेले सर्वांत दृश्य योगदान आहे. सावंतवाडीचे मिलाग्रिस हायस्कूल, मालवणचे रोझरी स्कूल, ओरोसचे डॉन बॉस्को आणि कणकवलीजवळ वरवडे येथील सेंट उर्सुला स्कूल ही नावे जिल्ह्यात घरोघरी परिचित आहेत. या शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. त्यामुळे शाळेचे स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि नाताळचा कार्यक्रम हे चर्चचे असूनही सबंध गावाचे कार्यक्रम होतात.

चर्चच्या संस्था धर्मविधिसंहितेइतक्याच देशाच्या कायद्यालाही बांधलेल्या असतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि त्यांचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सादर करावे लागतात. ख्रिस्ती विवाहांची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होते. परदेशी देणग्यांना २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याचे नियम लागतात. धर्मप्रांताच्या अर्थसमितीत हिशेब आणि कायदा जाणणारे सदस्य असावे लागतात ते यामुळेच.

शेजारची बिशप-परंपरा

या तीन जिल्ह्यांत बिशपांच्या अधिकाराखाली चालणारे आणखी एक चर्च म्हणजे उत्तर भारतीय चर्च. त्याचा उगम वेगळा आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये हे कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले आणि पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज, वेंगुर्ले येथे ठाणी झाली. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल हे याच मिशनचे.

प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत बिशप नव्हते. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून सेशन या स्थानिक सभेत निर्णय घेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्यांत अँग्लिकन चर्चही होते. या एकीकरणात प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांनी बिशपपद स्वीकारले आणि आपली सभांची रीत कायम ठेवली. तिथे धर्मप्रांताची परिषद बिशपांच्या निवडप्रक्रियेत भाग घेते आणि सर्वोच्च सत्ता सिनॉड या प्रातिनिधिक सभेकडे असते.

दोन्ही परंपरा शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. कॅथोलिकांकडे बिशप आधीपासून होते, सभा १९६५ नंतर बळावल्या. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांकडे सभा आधीपासून होत्या, बिशप १९७० मध्ये आले. अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने दोन्ही चर्चनी एकमेकांच्या दिशेने पाऊल टाकले. एका व्यक्तीवर अंतिम जबाबदारी असावी आणि तिने सर्वांचे ऐकूनच निर्णय घ्यावा, या दोन्ही गरजा दोघांनाही पटल्या.

सहभागाची वाटचाल

पोप फ्रान्सिस यांनी कॅथोलिक चर्चमध्ये सुरू केलेल्या सिनॉड म्हणजे सामूहिक विचारविनिमयाच्या प्रक्रियेचा धर्मप्रांतीय टप्पा १७ ऑक्टोबर २०२१ रोजी जगभर सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे तिची सांगता झाली. चर्चमध्ये कोणाचे ऐकले जाते आणि कोण बाहेर राहते, हा तिचा मुख्य प्रश्न होता. अंतिम दस्तऐवजाने पालकीय परिषदा केवळ कागदावर न ठेवता खऱ्या अर्थाने चालवाव्यात, स्त्रियांना आणि तरुणांना निर्णयप्रक्रियेत अधिक वाटा द्यावा आणि कारभाराचा हिशेब नियमितपणे लोकांसमोर मांडावा, असे सांगितले.

सिंधुदुर्ग धर्मप्रांतासाठी या सूचना परक्या नाहीत. फेस्ताचा जमाखर्च मिस्सेनंतर वाचून दाखवण्याची रीत आणि कॉन्फ्रारियाची निवडून आलेली मंडळे ही त्याच तत्त्वाची गावपातळीवरची रूपे आहेत. गावात राहिलेल्या घरांची संख्या घटत आहे, तरुण शिक्षण आणि नोकरीसाठी बाहेर जात आहेत आणि अनेक संघांचा भार मोजक्या ज्येष्ठांवर आहे. वाडीच्या समुदायापासून धर्मप्रांताच्या परिषदेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांवर नवी माणसे येत राहणे, विशेषतः घर आणि चर्च दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांना पदाची जबाबदारी मिळणे आणि बाहेरगावी असलेल्यांना बैठकांशी जोडून ठेवणे, ही येत्या काळाची मुख्य कामे आहेत. स्वतःचा धर्मप्रांत मिळाल्याने निर्णयाचे ठिकाण पुण्याहून सावंतवाडीला आले. ते निर्णय वाडीवाडीतील माणसांनी घडवावेत, यासाठीच या सगळ्या संस्था उभ्या आहेत.